फार्मासिस्टने सल्ला द्यावा का?

प्रश्न : आई रोज सकाळी थायरॉइडची गोळी घेते. अलीकडे तिला कॅल्शियमही सुरू झालं. औषधं घेताना फार्मासिस्ट बाईंनी विचारलं, "दोन्ही एकदमच घेता का?" आई हो म्हणाली, तर "मध्ये चार तास जाऊ द्या" म्हणाल्या. डॉक्टर असं काही बोलले नव्हते. मला हा आगाऊपणा वाटला. चिठ्ठीप्रमाणे औषध द्यायचं सोडून सल्ला देण्याचा त्यांना काय अधिकार?

उत्तर : पूर्ण अधिकार आहे, आणि त्यांनी सांगितलं ते अगदी बरोबर आहे. कॅल्शियम पोटात लेव्होथायरॉक्सिनला (म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला) धरून ठेवतं, त्यामुळे गोळी नीट शोषली जात नाही. लोहाच्या गोळीचंही तेच. मग गोळी न चुकता घेऊनही टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) चढलेलाच राहतो आणि डोस वाढवला जातो. खरं तर बदलायची असते फक्त वेळ.

मी स्वतः फार्मासिस्ट आहे. कुणाच्या पिशवीत काय काय एकत्र जातंय, हे काउंटरवरच दिसतं. हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन दिलेली असते, आणि तोच माणूस गुडघे दुखतात म्हणून आयब्युप्रोफेन मागतो. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांना या दुसऱ्या गोळीचा पत्ताच नसतो. तिथे मी गप्प बसले, तर सांगणार कोण?

असं बोलण्यावर कायद्याने बंधन घालून झालं आहे. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याने २०२२ मध्ये नियम केला : आयव्हरमेक्टिन (जंतांवरचं औषध) किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (मलेरियावरचं औषध) लिहून दिलं असेल, तर विचारल्याशिवाय फार्मासिस्टने त्याच्या उपयोगाबद्दल डॉक्टरांकडे वा रुग्णाकडे शंका काढायची नाही. कोविडवर या औषधांचा फायदा होत नाही, हे मोठ्या चाचण्यांतून तोवर दिसलं होतं. एक फार्मासिस्ट कोर्टात गेली आणि २०२३ मध्ये संघीय न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर त्या कलमाला तात्पुरती स्थगिती दिली. मला त्या बाईचा फार अभिमान वाटतो. रुग्णाने विचारलं तरच बोलायचं म्हणे! काय विचारायचं हेच ज्याला ठाऊक नाही, तो विचारणार कसा?

अर्थात मोकळीक आहे ती पुराव्यानिशी बोलण्याची. डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करायला सांगणं यात बसत नाही. शंका आली तर डॉक्टरांना फोन करायचा. आणि हाच नियम स्वतःच्या विक्रीलाही लावायचा. साध्या सर्दीवर कुणी अँटिबायोटिक मागितलं, तर ते विषाणूवर चालत नाही, हे सांगून गिऱ्हाईक परत पाठवायचं.

आईंना थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घेऊ द्या. वेळ बदलल्याचं डॉक्टरांना कळवा. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा लागेल, कारण आता तीच गोळी जास्त लागू पडेल. डोस मात्र त्यांनाच ठरवू द्या.