पेटीवर बोटं अडखळतात, मान मात्र दुखत नाही

प्रश्न : माझे बाबा ६३ वर्षांचे आहेत. गावातल्या देवळात भजनाला ते कित्येक वर्षं पेटी वाजवतात, गातातही. गेल्या चतुर्थीला आरतीच्या वेळी त्यांची बोटं अडखळू लागली. आता सदऱ्याची बटणं आई लावून देते. चालताना उजव्या पायातली चप्पल निसटते आणि त्यांना कळतही नाही. एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांपाशी मज्जारज्जू दबल्याचं आणि तिथे पांढरा डाग असल्याचं निघालं. डॉक्टर ऑपरेशन करायला सांगतात. बाबा म्हणतात, मान दुखतच नाही तर कापायची कशाला? शेजारचे काका मालीशवाल्याकडे न्यायला सांगतात. काय करावं?
– एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर : मालीशवाल्याकडे नेऊ नका. मानेला झटका देऊन ‘कट्ट’ आवाज काढणाऱ्या कुणाचाही हात बाबांच्या मानेला लागू देऊ नका. बाकीचं मागाहून.

तुमच्या पत्रातल्या चपलेपाशी मी थांबलो. वीसेक वर्षांपूर्वी साखळीला माझ्या दवाखान्यात एक सुतार यायचे. ‘डॉक्टर, चप्पल पायात राहत नाही,’ एवढीच तक्रार. मी साखर तपासली, बी१२ च्या गोळ्या दिल्या. मान दुखते का, विचारलं. ते नाही म्हणाले आणि मी मानेचा विषय तिथेच सोडला. सात-आठ महिन्यांनी ते भिंत धरून आत आले, तेव्हा कुठे मी त्यांच्या गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. पाय ताडकन उसळला. मज्जारज्जू वर कुठेतरी दबला असला की पाय असा उसळतो. ऑपरेशन झालं, आजार पुढे वाढला नाही, पण रंधा त्यांच्या हातात पुन्हा आला नाही. चूक माझी होती. तेव्हापासून चप्पल निसटते म्हणणाऱ्या प्रत्येकाचे मी हातही पाहतो आणि मानही.

आपण सगळ्यालाच ‘नस दबली’ म्हणतो, तिथे घोटाळा होतो. मज्जारज्जूतून बाहेर पडणारी एखादी नस दबली तर खांद्यातून हातात कळ जाते, रात्रभर झोप लागत नाही, आणि बहुतेक माणसं काही आठवड्यांत ऑपरेशनाशिवाय बरी होतात. मज्जारज्जू दबणं वेगळं. मेंदूचे सगळे निरोप हातापायांपर्यंत नेणारा तो मूळ दोर. वयाबरोबर मणक्यांमधली गादी मागे सरकते, हाडाला कंगोरे फुटतात, बंध जाड होतात आणि दोराची वाट अरुंद होत जाते. मानेत ही वाट साधारण १७ मिलिमीटर रुंद असते. १३ च्या खाली गेली की दोराला जागा अपुरी पडू लागते. हे सगळं सावकाश घडतं, म्हणून दुखेलच असं नाही. आधी बारीक कामं जातात : बटण, सही, पेटी. मग अंधारात तोल जातो. पुढे लघवीवरचा ताबाही सुटू शकतो. बाबांना मूठ पूर्ण उघडून मिटायला सांगा. निरोगी हाताला १० सेकंदांत वीसेक वेळा जमतं. त्यांना किती वेळा जमतं ते तारखेसह लिहून ठेवा, सर्जनना दाखवा.

म्हणजे हे ऑपरेशन दुखण्यासाठी नाहीच. दोरावरचा दाब काढायचा, आहे ते राखायचं, यासाठी ते आहे. अगदी सौम्य त्रास असेल तर देखरेखीखाली थांबून पाहता येतं. त्यापुढे गेलेल्या रुग्णांना २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना शस्त्रक्रियाच सुचवतात. बटणं लागत नाहीत आणि चालही बदलली, याला मी सौम्य म्हणणार नाही. गेलेलं किती परत येईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. बऱ्याच जणांचे हात सुधारतात, आणि लवकर केलेल्यांचे जास्त. पांढरा डाग म्हणजे दोराला इजा झाली आहे. सगळं संपलं असा त्याचा अर्थ नाही.

बाबा गातात, हे सर्जनना आवर्जून सांगा. गळ्याच्या पुढून ऑपरेशन केलं तर आवाज बसू शकतो, गिळायला त्रास होतो. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत जातं, पण सगळ्यांचं नाही. मागून केलं तर आवाजाच्या नसेला हात लागत नाही. मात्र कुठून करायचं हे किती ठिकाणी दाब आहे आणि मानेचा बाक कसा आहे यावरही ठरतं. दुसरं मत हवं असेल तर एमआरआयच्या फिल्म घेऊन बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) न्यूरोसर्जरी विभागात जा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तेही सोबत असू द्या आणि ऑपरेशनाचा खर्च त्यात बसतो का ते विचारा.

तोवर त्यांना पडू देऊ नका. पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, ते आजच घासून काढा. न्हाणीपर्यंत रात्रभर दिवा ठेवा. अशा मानेला साध्या पडण्यानंही दोन्ही हात लुळे पडू शकतात.

प्रश्न : आईला सहा वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता. महिनाभर तिची पाठ दुखते, आडवी झाली की जास्त. दोन दिवसांपासून पाय जड वाटतात. पुढच्या आठवड्यात तिची तपासणी आहेच. तोवर थांबू का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला. इथे छापतो ते इतरांसाठी. एक दिवसही थांबायचं नाही. कॅन्सर मणक्यात पसरून मज्जारज्जू दाबू शकतो. पाय चालते असताना उपचार सुरू झाले तर ते बहुधा चालते राहतात. लुळे पडल्यावर पुन्हा उभं राहणं फार अवघड. १०८ बोलवा आणि आईला आडवी झोपवूनच न्या. जुनी फाईल सोबत घ्या. कॅज्युअल्टीत जे डॉक्टर पहिले भेटतील त्यांना एका वाक्यात सांगा : ‘आईला कॅन्सर होता आणि आता पाय जड पडताहेत.’ मग पूर्ण पाठीचा एमआरआय तातडीनं होतो, स्टेरॉइड सुरू होतं, आणि रेडिएशन द्यायचं की ऑपरेशन करायचं ते ठरतं.