बालीतला व्हिला आणि साताऱ्याच्या प्लॉटचे पैसे

प्रश्न: माझं वय ५२. पुण्यात खासगी कंपनीत नोकरी, पत्नी शिक्षिका. राहता फ्लॅट कर्जमुक्त आहे. साताऱ्याजवळचा वडिलोपार्जित एनए प्लॉट पाच महिन्यांपूर्वी विकला, त्याचे ८५ लाख हातात आहेत. मुलगी तीन वर्षांनी परदेशी शिकायला जायचं म्हणते. एका हॉटेलातल्या मेळाव्यात बालीत उलुवाटूजवळचा एका बेडरूमचा व्हिला दाखवला: २८ वर्षांची लीज, किंमत ८० लाख, वर्षाला १२ टक्के भाडं, मुदतवाढीची हमी. थोडे जास्त भरले तर स्थानिक माणसाच्या नावावर कायमची मालकीही करून देतो, असं एजंट म्हणतो. २ लाख टोकन त्याच्या पुण्यातल्या खात्यात भरलं आहे. पुढे जावं का?

उत्तर: नको. बाली वाईट म्हणून नव्हे. तुमच्या वयाला, तुमच्या रकमेला आणि मुलीच्या शिक्षणाच्या तारखेला हा व्यवहार बसत नाही.

एजंटाच्या शेवटच्या आमिषापासून सुरुवात करतो, कारण तेच सगळ्यात घातक आहे. इंडोनेशियात १९६० चा मूलभूत जमीन कायदा आहे. त्याच्या २१व्या कलमानुसार ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. २६वं कलम आणखी कडक आहे: आडवाटेने परकीयाकडे मालकी गेली तर व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. आपल्याकडे बिगरशेतकरी माणूस एखाद्या शेतकरी नातेवाइकाच्या नावावर रान घेतो आणि पुढे त्या नातेवाइकाची मुलं ओळख दाखवत नाहीत, हे तुम्ही साताऱ्यात पाहिलं असेलच. इथे तर तो माणूस नात्यातलाही नाही.

आता लीज. ती कायदेशीर आहे आणि अनेक परदेशी लोक तीच घेतात. पण तुम्ही जमीन विकत घेत नाही, २८ वर्षांचं भाडं आगाऊ भरताय. बालीत लीजचा भाव ‘आर’मागे, दर वर्षाला इतके असा सांगतात. आपल्या सातबाऱ्यावर असतो तोच आर, १०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. एजंटाला विचारा, व्हिला किती आरांवर आहे आणि शेजारच्या रिकाम्या जागेचा दर वर्षाचा भाव काय. ८० लाखांतले जमिनीचे किती, बांधकामाचे किती आणि मेळाव्याच्या जेवणाचे किती, ते लगेच कळेल.

‘मुदतवाढीची हमी’ हे कलम नीट वाचा. बहुतेक करारांत वाढीव मुदतीचा दर त्या वेळच्या बाजारभावाने ठरतो. ही हमी वाटाघाटीला बसण्याची झाली, दराची नाही. तेव्हा तुम्ही ८० वर्षांचे असाल आणि समोर बहुधा मालकाचे वारस बसलेले असतील.

१२ टक्के म्हणजे वर्षाला ९ लाख ६० हजार. ही ढोबळ आवक आहे. बुकिंग साइटचं कमिशन, व्यवस्थापन कंपनीचा वाटा, पूल, बाग, वीज, आणि खाऱ्या दमट हवेत सतत निघणारी रंग-छपराची कामं. यांना ४० टक्के धरले तर हातात ५ लाख ७६ हजार येतात. लीज संपली की उरतं शून्य, म्हणून मुद्दलही याच भाड्यातून वसूल व्हायला हवं. तसं गणित मांडलं तर खरा परतावा साडेपाच-पावणेसहा टक्के निघतो, तोही एकही वर्ष रिकामं न गेल्यास आणि कर धरण्याआधी. आपले सरकारी रोखे याहून जास्त देतात आणि त्यांना प्लंबर लागत नाही. शिवाय चलन: १९९७च्या मध्याला डॉलरला सुमारे २,४०० रुपिया (इंडोनेशियाचं चलन) मिळत, १९९८ मध्ये तोच भाव १६,०००च्या पलीकडे गेला होता.

भाडं कोणाच्या नावावर येणार, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. पर्यटकांना व्हिला भाड्याने द्यायचा तर परदेशी माणसाला तिथे ‘पीटी पीएमए’, म्हणजे परदेशी गुंतवणुकीची कंपनी, काढावी लागते आणि तिची गुंतवणूक १० अब्ज रुपियांच्या वर दाखवावी लागते. आपल्या पैशात ही रक्कम पाच कोटींच्या घरात जाते. ‘आमची कंपनी चालवेल, तुम्ही फक्त हिस्सा घ्या’ असं उत्तर आलं तर त्या कंपनीचा परवाना, बांधकाम मंजुरी आणि जागेचा झोन ही तीन कागदपत्रं मागा. हिरव्या पट्ट्यातल्या भातशेतीवर व्हिले उठले आहेत. आणि २०२५ मध्ये उलुवाटूजवळच्याच बिंगिन किनाऱ्यावरची बेकायदा बांधकामं सरकारने पाडली.

इकडची बाजूही तितकीच अवघड आहे. एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेची अडचण नाही. पण १० लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, वसूल करते. तुम्ही एकट्याने पाठवलेत तर १४ लाख. आयकर विवरणपत्र भरल्यावर ते हिशेबात येतात, पण तोवर अडकून पडतात. म्हणजे आज ९४ लाख हवेत आणि तुमच्याकडे ८५ आहेत. उरलेल्यासाठी एलआरएसच्या नावाने बँक कर्ज देऊ शकत नाही.

पुढे दरवर्षी हा व्हिला विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवायचा. चुकलात तर काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला जी सूट मिळाली, तिच्यात घर-जमीन येत नाही.

मेळाव्यात हे कोणी सांगितलं नसणार: प्लॉटच्या नफ्यावरचा कर वाचवायला आयकरातल्या ५४एफ कलमाची जी सवलत आहे, ती फक्त भारतातल्या घराला मिळते. बालीतल्या घराने एक पैसाही वाचणार नाही.

म्हणून आधी सीएकडून भांडवली नफ्याचा आकडा काढा. जमिनीचा २००१ चा बाजारभाव धरून मूल्यांकन करून घेतलं तर नफा बराच खाली येऊ शकतो. हाच कर वाचवणाऱ्या ५४ईसी रोख्यांना विक्रीपासून सहा महिन्यांची मुदत असते. पाच महिने झालेत, तेव्हा हे काम याच आठवड्याचं. पन्नास लाखांची मर्यादा, पाच वर्षं कुलूप, व्याज ५.२५ टक्के आणि तेही करपात्र; म्हणून जेवढा नफा तेवढेच घाला. मुलीचे पैसे वेगळे काढून मुदत ठेवीत ठेवा. तीन वर्षांवर आलेली फी बाजारात टांगून ठेवायची नसते. बाकीच्याचं निवृत्तीसाठी नियोजन करायला सहा-सात वर्षं आहेत, घाई नाही.

टोकन मात्र आजच लेखी परत मागा. परदेशी मालमत्तेसाठी इथल्या एजंटाच्या खात्यात रुपयांत पैसे देणं फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, तिसऱ्या कलमात अडकू शकतं; व्यवहार बँकेतून, परदेशी पैसे पाठवण्याचा ए२ फॉर्म भरूनच व्हायला हवा होता. हे त्याला माहीत असेल. पत्रात त्या कलमाचा उल्लेख करा, पैसे लवकर सुटतात.