'झपाटलेला' पुन्हा पाहिला, तेव्हा भीती बाहुल्यात नव्हतीच

तुम्ही विचारलंय, लहानपणी ज्या सिनेमानं झोप उडवली होती तो मोठेपणी पुन्हा पाहावा का, की तो अगदीच फुसका निघतो आणि जुनी आठवणही हातची जाते? आणि तो मुलांना दाखवावा का?

पाहाच. माझ्यापुरता तो सिनेमा म्हणजे महेश कोठारेंचा 'झपाटलेला' (१९९३). पाहिला नसेल तर थोडक्यात सांगते. तात्या विंचू नावाचा गुंड बाबा चमत्कारकडून बळजबरीनं मृत्युंजय मंत्र मिळवतो. पोलिसांची गोळी लागून मरता मरता तो आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला फिरत फिरत लक्ष्याच्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंच्या घरी येतो. आता तात्याला माणसाचं शरीर परत हवंय, आणि ते लक्ष्याचंच. मूळ कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन सिनेमावरून घेतलेली, पण आमच्या पिढीला त्याचा पत्ताही नव्हता. आमच्यासाठी तात्या इथलाच होता. केबलवर तो लागला की 'ओम फट् स्वाहा' ऐकून आम्ही भावंडं पाय सोफ्यावर ओढून घ्यायचो. आत्यानं आणलेली, आडवी केली की डोळे मिटणारी बाहुली मी आईला माळ्यावर टाकायला लावली होती.

मध्यंतरी रात्री जेवणं उरकल्यावर पुन्हा लावला. बाहुल्याची भीती वाटली नाही, पण त्याच्यावरून नजरही हटत नव्हती. तो रामदास पाध्ये यांचा बाहुला. वडील यशवंत पाध्ये यांच्या अर्धवटराव या बाहुल्याला घेऊन बोलक्या बाहुल्यांचे प्रयोग करणारे पाध्ये, आणि लिज्जत पापडच्या जाहिरातीतला खिदळणारा ससाही त्यांचाच. अशा बाहुलीच्या पाठीतून हात आत जातो. आतल्या दांड्यावर डोकं असतं आणि खटक्यांनी जबडा नि डोळे हलतात. म्हणजे चेहऱ्यावर करता येण्यासारखं फार थोडं असतं. तात्याकडे नीट पाहा. तो हुकूम सोडतो तेव्हा जबडा हलतो, मग थांबतो, आणि डोळे तेवढे हळूच बाजूला वळतात. त्या थांबण्यातच तो विचार करतोय असं वाटतं. निर्जीव बाहुल्याला विचार करायला लावणं ही केवढी मोठी करामत! वर आवाज दिलीप प्रभावळकरांचा. माणूस म्हणून ते सुरुवातीला थोडा वेळच दिसतात, पुढचा सगळा तात्या आवाजावर उभा आहे. दोनच वर्षं आधी 'चौकट राजा'त याच माणसानं निरागस, गतिमंद नंदू केला होता, हे लहानपणी कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

मग लहानपणी एवढं का फाटायचं? या खेपेला मला त्याचं उत्तर लक्ष्मीकांत बेर्डेंमध्ये सापडलं. आम्हाला लक्ष्याची सवय होती. तो पडद्यावर आला म्हणजे आता हसायचं, काही वाईट व्हायचं नाही, अशी खात्री असायची. घाबरण्याचं सोंगही तो इतक्या वेळा करायचा की ते बघूनच हसू फुटे. इथेही आधी तसंच होतं. पण जसजसा तात्या त्याच्या मागे लागतो तसतसं ते सोंग गळून पडतं. डोळे विस्फारलेले, तोंड उघडं, पण आवाज फुटत नाही. आणि समोर नट नाही, एक बाहुला आहे. निर्जीव चेहऱ्याकडे बघून ही भीती आणायची म्हणजे सगळं एकट्याच्या बळावर. घरात ज्याच्या आधारानं झोपायचं तोच थरथरायला लागला तर मूल काय करणार? आमचं तेच होत होतं.

मोठेपणी बोचलं ते वेगळंच. लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांचा नाद आहे. त्यामुळे 'हा बाहुला स्वतः बोलतो' असं तो सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला त्यात नवल वाटायचं कारणच नाही. ज्या कलेवर त्याचा जीव आहे तीच त्याला खोटं पाडते. लहानपणी मी ही दृश्यं कंटाळून काढायची, कारण त्यात तात्या नसायचा. आता तीच सगळ्यात जड गेली. आईच्या भूमिकेतल्या मधू कांबीकर पोराकडे बघतात ना, तिथे मी सिनेमा थांबवून जरा वेळ बसून राहिले. आदल्याच वर्षी 'एक होता विदूषक'मध्येही हीच दोघं मायलेक होती.

सगळंच टिकलंय असं नाही. हवालदारांचे विनोद लांबतात, गाणी मध्येच येऊन ताण घालवतात, पार्श्वसंगीत जरा जास्तच ओरडतं. तात्याचा साथीदार कुबड्या खवीस झालेले बिपीन वर्टी मात्र आजही जमून आलेत. २०१३ चा थ्रीडीतला दुसरा भाग मला लागू पडला नाही. लक्ष्मीकांत २००४ मध्येच गेले होते, आणि त्यांच्याशिवाय तात्या कुणाच्या जिवावर उठणार?

आता तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग, मुलांना दाखवावा का. सहा-सात वर्षांच्या मुलाला एकट्याला लावून देऊ नका, तुम्ही शेजारी बसा. आधी पाध्ये यांचे अर्धवटरावाचे जुने प्रयोग दाखवा. बाहुलीमागे माणूस असतो हे मुलांच्या डोळ्यांना एकदा कळलं की तात्या झेपतो. माझ्या भाचीला मी याच क्रमानं दाखवलं. ती घाबरली, पण उठून गेली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मोज्याचा बाहुला करून घरभर सगळ्यांना दरडावत होती.

तुम्ही स्वतः पाहणार असाल तर एकट्यानं पाहा, मोबाइल बाजूला ठेवून. आणि लक्ष्याचा चेहरा मनातून जात नसेल तर लगेच 'एक होता विदूषक' लावा. लक्ष्मीकांत बेर्डे काय ताकदीचे नट होते ते या दोन सिनेमांत लागोपाठ दिसतं, आणि मराठी प्रेक्षकांनी त्यांना नुसतं हसवायला लावलं याची हळहळ मला अजूनही आहे.