वाय-टू-केच्या वेळी सोलापूरसारख्या गावात खरंच काही तयारी झाली होती का, की नुसताच बागुलबुवा होता?

दोन्ही. वाय-टू-के म्हणजे कॉम्प्युटर वर्षाचे शेवटचे दोनच आकडे धरायचे, त्यामुळे २००० उजाडलं की ०० ला ते १९०० समजतील ही भीती. तुम्ही विचारलंय की जिथे सगळा कारभार यंत्रमागांवर आणि विडीवर, तिथे कॉम्प्युटरच्या तारखेने काय बिघडणार होतं. हा प्रश्न १९९९ मध्ये मी रोज ऐकायचो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांना हिशेबाचे प्रोग्रॅम लिहून द्यायचं माझं काम. एक चादरवाले अण्णा मला सरळ म्हणाले, "आमच्या मागाला तारीख कळत नाही की हो!" त्यांचं बरोबरच होतं. मागाला वीज आणि सूत मिळालं की झालं.

पण गंमत अशी की या भानगडीचं मूळ मागापाशीच निघतं. सोलापुरी चादरीवरची नक्षी मागावरच्या ज्या जेकार्ड यंत्रणेवर निघते, तिला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लागते. भोकं पाडून माहिती साठवायची हीच युक्ती हर्मन होलेरिथने अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत वापरली. पुढे आयबीएमच्या कार्डावर ८० रकाने आले. त्यातच नाव, रक्कम, तारीख सगळं कोंबायचं, म्हणून वर्षातले '१९' गाळले. कार्डं गेली, सवय राहिली.

सोलापुरात ती बाधली कारखान्यात नाही, पेढीवर. सुताचा व्यवहार उधारीचा आणि पुढच्या तारखेच्या चेकांचा. ऑक्टोबर ९९ ला दिलेल्या मालाचा चेक जानेवारी ०० चा. प्रोग्रॅमने तारखा लावल्या की ०० सगळ्यात वर, म्हणजे जो चेक अजून वटायचाय तो शंभर वर्षं थकलेला! मुदत ठेवींचं तर याच्याही आधी सुरू झालं. १९९७ मध्ये तीन वर्षांसाठी ठेवलेली पावती २००० मध्ये पिकणार, म्हणजे चूक ठेव घेतानाच. म्हणून '३१ डिसेंबरच्या रात्री काय होणार' हा प्रश्न मला तेव्हाही पोरकट वाटायचा.

आमचे बहुतेक प्रोग्रॅम फॉक्सप्रो नाहीतर क्लिपरमधले, म्हणजे त्या काळी हिशेबाचे प्रोग्रॅम ज्यात लिहायचे त्या भाषांतले. त्यात एक बरं होतं, त्यांच्या डीबीएफ या माहिती साठवायच्या फाइलमध्ये तारीख मुळात चार आकडी वर्षासकट साठते. घोळ टंकताना व्हायचा. दोनच आकडे दिले की प्रोग्रॅम बिनदिक्कत पुढे १९ लावायचा. फॉक्सप्रोमध्ये 'सेट सेंच्युरी ऑन' करून, म्हणजे वर्ष चार आकडी दाखवायला सांगून, पडद्यावरचे रकाने रुंद करायचे, बिलाची छपाई सरकली की परत जुळवायची. क्लिपरमध्ये 'सेट इपॉक' होतं: एक वर्ष सांगायचं, त्याच्या शेवटच्या दोन आकड्यांपेक्षा लहान जे असेल ते सगळं पुढच्या शतकात. इपॉक १९३० ठेवलं की ३० ते ९९ म्हणजे विसावं शतक आणि ०० ते २९ म्हणजे एकविसावं.

उधारीच्या वहीला हे चालतं. विडी कामगारांच्या यादीला नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत बायकांची जन्मवर्षं दोनच आकड्यांत लिहिलेली. सन २८ मध्ये जन्मलेली आजी इपॉक १९३० ने थेट २०२८ मध्ये जन्माला यायची. तिथे यंत्राला अंदाज बांधू देऊन भागणार नव्हतं. दिवाणजी रजिस्टर वाचायचे, मी पूर्ण वर्ष भरायचो. माझ्या मते गावातली खरी तयारी ही होती, आणि ती कुणाच्या नजरेत आली नाही.

बाकीची तयारी वरून आली. केंद्राने मॉन्टेकसिंग अहलुवालियांच्या नेतृत्वाखाली कृतिदल नेमलं होतं, रिझर्व्ह बँकेचा बँकांमागे तगादा होता. टॉवेल निर्यात करणाऱ्यांना परदेशी गिऱ्हाइकांकडून प्रश्नावल्या यायच्या: तुमची यंत्रणा २००० साठी तयार आहे का? एका मालकांनी मला विचारलं, "यात मागाचं काय लिहू?" मी म्हटलं, लिहा, लागू नाही.

बागुलबुवाही भरपूर होता. धड चाललेली मशीन 'वाय-टू-के'च्या नावाने मोडीत काढायला लावून नवी गळ्यात मारणारे विक्रेते मी पाहिले. जुन्या ३८६-४८६ मशीनपैकी काहींचं घड्याळ शतक ओलांडताना गडबडायचं खरं, डॉस (विंडोजच्या आधीची यंत्रणा) उघडल्यावर ४ जानेवारी १९८० अशी तारीख दिसायची. पण त्यातल्या बऱ्याच मशीनवर एकदा हाताने तारीख भरली की काम भागायचं. त्यासाठी नवीन मशीन?

वर्षअखेरीला आम्ही सगळ्या खतावण्या डॉट मॅट्रिक्सवर छापून ठेवल्या. १ जानेवारीला शनिवार होता. वीज होती, फोन लागत होते, माग खडखडत होते. जपानमध्ये ओनागावा अणुवीज केंद्रात मध्यरात्रीनंतर धोक्याची घंटा वाजली, तेही निभावलं. इथे सगळ्यात जास्त अडलं कागदावर. चेकबुकं, पावतीपुस्तकं, रबरी शिक्के, सगळ्यांवर '१९' आधीच छापलेलं. ते खोडून २००० लिहायचं आणि शेजारी सही ठोकायची, हे पुढे कितीतरी दिवस चाललं. २९ फेब्रुवारीलाही थोडी कटकट झाली. शंभराने भाग गेला की लीप वर्ष नाही, एवढंच काहींनी प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं, चारशेने भाग गेला तर लीप वर्ष असतंच हा नियम विसरून.

तुमच्या ओळखीत कुणाकडे त्या काळातला क्लिपरचा प्रोग्रॅम अजून चालू असेल (सोलापुरात असणारच, आपण चालतंय तोवर हात लावत नाही), तर त्यात इपॉक किती आहे ते आत्ताच बघायला सांगा. १९३० असेल तर २०३० ची बिलं १९३० ची म्हणून नोंदली जातील, आणि २०३० मध्ये पिकणाऱ्या ठेवीची पावती आजच चुकत असेल.