कोल्हापुरात रोजचं १० किलोमीटर, महिन्यातून एकदा कोकण: कार १.२ लिटर पेट्रोल, टर्बो की डिझेल? टॉप मॉडेल घ्यावं का?

डिझेलचा नाद सोडा. बीएस-६ (आताच्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलला काजळी गाळणारा डीपीएफ असतो. राजारामपुरी ते रंकाळा एवढ्याच फेऱ्या मारल्या तर तो तुंबतो, मग डॅशबोर्डवर दिवा आणि वर्कशॉपच्या वाऱ्या. चौघं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन वैभववाडीहून करूळ घाट चढताना साधं १.२ दुसऱ्या गिअरवर कण्हतं. १ लिटर टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारं) आरामात ओढतं. पण महिन्यातून एकदाच ना? मी १.२ च घेईन.

टॉप मॉडेलचं म्हणाल तर, आपल्या पावसात सनरूफ उघडणार कधी? मागचा वायपर आणि डिफॉगर (काच तापवून वाफ घालवणारा) असलेलं व्हेरियंट बघा. गगनबावड्याच्या धुक्यात मागची काच पार दुधासारखी होते. ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आहे का हेही विचारा, सेल्समन आधी मोठा स्क्रीनच दाखवतो.