‘होली वेल’ म्हणजे विहीर की झरा?

प्रश्न असा : आयर्लंडविषयीच्या एका मजकुरात ‘होली वेल’ला ‘पवित्र विहीर’ आणि तिथल्या ‘पॅटर्न डे’ला ‘नमुना दिन’ म्हटले आहे. हे बरोबर आहे का?

‘नमुना दिन’ साफ चूक. हा पॅटर्न ‘पेट्रन’चा, म्हणजे आश्रयदात्या संताचा अपभ्रंश आहे. त्या संताच्या सणाला झऱ्यावर प्रार्थना होते. पूर्वी दुकाने, नाच आणि दारूही असे. आपली ‘जत्रा’ तिथे नेमकी बसते. 1704च्या कायद्याने अशा झऱ्यांवर जमणाऱ्याला 10 शिलिंग दंड ठेवला होता, तरी जत्रा चालूच राहिल्या.

‘विहीर’ मात्र अर्धवट. आयरिश शब्द आहे ‘तोबर’; त्यात विहीर आणि झरा दोन्ही येतात. पण यांतली बहुतेक ठिकाणे म्हणजे जमिनीतून पाझरणारे पाणी आणि भोवती दगडांचा बुटका कठडा. मराठी वाचकाला विहीर म्हटले की खोली, रहाट, पोहरा दिसतो. म्हणून ‘झरा’, आणि बांधीव असेल तर ‘कुंड’.

झऱ्यावरच्या विधीचा आयरिश शब्द ‘तुरस’; त्याचा शब्दशः अर्थ प्रवास. म्हणून ‘वारी’ लिहायचा मोह होतो, पण झऱ्यावरचा तुरस म्हणजे फेरे. ठरलेल्या प्रार्थना म्हणत झरा उजव्या हाताला ठेवून फिरायचे. फेऱ्यांची संख्या जागेगणिक वेगळी. चूक होऊ नये म्हणून हातात खडे घेऊन दर फेरीला एक टाकतात. शेवटी पाणी प्यायचे. झरा उजवीकडे ठेवून फिरण्याच्या या दिशेला ‘देशल’ म्हणतात. त्यातल्या ‘दॅस’चे अर्थ उजवा आणि दक्षिण, अगदी संस्कृत ‘दक्षिण’सारखे, दोन्ही शब्द एकाच मूळ धातूचे. तेव्हा ‘प्रदक्षिणा’ हा इथे उसना प्रतिशब्द नाही, सख्खा आहे! उलट्या फेरीला ‘तुअहल’. ती शाप देण्यासाठी. तिला ‘उफराटी प्रदक्षिणा’ म्हणा.

झऱ्याजवळच्या हॉथॉर्न किंवा अ‍ॅशच्या झाडाला बांधलेल्या चिंध्यांना ‘नवसाच्या चिंध्या’ म्हटलेले आढळते. तिथला मूळ समज वेगळा आहे. चिंधी पाण्यात भिजवून दुखऱ्या जागी फिरवायची, मग फांदीला बांधायची. ती कुजेल तसा आजार ओसरतो. दुसऱ्याची चिंधी सोडवली तर त्याचे दुखणे सोडवणाऱ्याला लागते. हा नवस नव्हे, हा आपला ‘उतारा’. (हल्ली लोक नायलॉनच्या फिती बांधतात. त्या कुजत नाहीत, त्यामुळे विधीचा अर्थच जातो. शिवाय वाढत्या फांदीला आवळून तिचे नुकसान करतात.)

‘पाणी उकळत नाही’ हीसुद्धा शब्दशः घ्यायची समजूत. या झऱ्याचे पाणी घरकामाला नेले तर ते कितीही जाळ घातला तरी तापत नाही, आणि झऱ्यात कपडे धुऊन विटाळ केला तर झरा रुसून दुसरीकडे निघून जातो, असे सांगतात. ‘आटतो’ असे भाषांतर करू नये. तो जागा बदलतो.