कोपर आपटलं, करंगळीत करंट

प्रश्न : केळीचा घड उचलून नेताना पाटात घसरलो, कोपर दगडावर आपटलं. दीड महिना झाला. एक्स-रेत हाड ठीक. पण रात्री करंगळीत करंट लागतो. डायक्लोफेनॅकने फरक नाही.
— एक शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : करंगळी आणि तिच्याकडची अर्धी अनामिका हा अल्नर नसेचा इलाका. ही नस कोपराच्या आतल्या हाडामागे, अगदी कातडीखाली असते. डायक्लोफेनॅक सुजेवर चालतं, नसेच्या कळेवर फारसं नाही. त्यासाठी डॉक्टर प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलीन रात्री कमी मात्रेत सुरू करून वाढवतात. गुण यायला २ ते ४ आठवडे लागू शकतात. लोक चौथ्या दिवशीच सोडतात. झापड येते, तेव्हा सुरुवातीला ट्रॅक्टर नको.

कोपर दुमडून झोपलं की नस ताणते. जाडसर टॉवेल कोपराभोवती सैल गुंडाळा, हात फार वाकणार नाही. गरम शेक मात्र नको, बधिर कातडीला चटका कळत नाही. नसेचा तुटलेला तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो; कोपरापासून बोटापर्यंत वर्ष सहज जातं. नुसती दबलेली नस लवकर सावरते.

अंगठा न वाकवता त्याच्या आणि तर्जनीच्या मध्ये कागद धरून पाहा. निसटत असेल तर या नसेवर चालणारा स्नायू कमजोर झालेला असू शकतो; थांबू नका, हाडांच्या डॉक्टरांकडून नर्व्ह कंडक्शन तपासणी (नस संदेश नीट वाहते का ते पाहणारी) लिहून घ्या.